स्पीड 400: पाडव्यापासून थंडीपर्यंत चालवून झाल्यावर

आधी कामाचं सांगतो. ट्रायम्फ स्पीड 400 ही मोटरसायकल, 2025च्या पाडव्याला घेतली, पासिंग केए-22, म्हणजे बेळगावचं. रोज घर ते उद्यमबाग इंडस्ट्रियल एरिया, सुट्टीला कधी चोर्ला घाट, कधी हिंडलगा-शिनोळीवरून चंदगड, अधूनमधून हायवेने कोल्हापूर. ॲव्हरेज गावात सत्तावीस-अठ्ठावीस, हायवेला तिसाच्या थोडं वर. टाकी 13 लिटरची. मी खूश आहे. खरं ज्यांना मागं आईला बसवून लग्नकार्याला जायचं आहे किंवा डेअरीला किटल्या न्यायच्या आहेत, त्यांनी ही घेऊ नये. रोडस्टर गाडीची मागची सीट तशीही नावालाच असते.

पिकअपचं सगळे बोलतात, ते खरंच आहे. 40 पीएस पॉवर आणि 37.5 एनएम टॉर्क, म्हणजे काकतीच्या पुढं मोकळा रस्ता मिळाला की ट्रक कधी मागं पडला कळतसुद्धा नाही. चोर्लाच्या वळणावर, रस्ता ओला असताना, चाक घसरू न देणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलमुळे जिवात जीव असतो. याहून जास्त चालवण्याबद्दल लिहीत नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. मला बोलायचं आहे किमतीबद्दल.

मी उद्यमबागेत जॉबवर्क करतो. दुसऱ्यांचं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं, बोअरिंग-ड्रिलिंग होऊन जातं. नगामागं दोन रुपये तोडायला पार्टी तासभर चहा पीत बसते, त्यामुळे कुठलीही गाडी बघितली की माझा डोळा आधी 'इथं पैसे कुठं वाचवले' हेच शोधतो. या गाडीत मला पहिल्यांदा दिसल्या त्या इंजिनावरच्या फिन्स, म्हणजे हवेने गार व्हायला असतात त्या पट्ट्या. इंजिन कूलंटवर थंड होतं, समोर रेडिएटर आहे, मग फिन्सचं काम किती उरतं? तरी दिल्यात, कारण जुन्या ट्रायम्फचा चेहरा तसा होता. साचा अवघड होतो, रिजेक्शन वाढतं, कास्टिंग घासून साफ करणारा फेटलिंगवाला शिव्या घालतो. म्हणजे दिसण्यासाठी कंपनीने इथं पैसे मोजलेत. मला ते आवडलं.

वाचवलेत कुठं, हे बघायचं असेल तर शेजारी हिचीच स्वस्तातली बहीण स्पीड टी4 उभी करा. सप्टेंबर 2024 मध्ये नवी स्पीड 400 आली 2.40 लाखाला आणि टी4 आली 2.17 लाखाला, दोन्ही एक्स-शोरूम. मधल्या 23 हजारांत काय गेलं? पुढच्या सस्पेन्शनचा उलटा फोर्क जाऊन साधा टेलिस्कोपिक आला, ट्रॅक्शन कंट्रोल गेलं, पॉवर 40 वरून 31 पीएसवर आली आणि जोर खालच्या आरपीएमला सरकवला. ट्रॅफिकमध्ये सारखे गिअर बदलायचा कंटाळा असलेल्या आपल्याकडच्या माणसासाठी ही मांडणी आहे. हे नुसतं कापाकापीचं काम नाही, गिऱ्हाईक कोण ते ओळखून केलेली कॉस्टिंग आहे. गणेशपूर गल्लीतल्या गर्दीत माझ्या गाडीपेक्षा टी4 बरी, हे मी स्वतः मान्य करतो.

आता मोठा हिशोब. नाव ब्रिटिश, गाडी बनते बजाजच्या चाकणच्या कारखान्यात. 2023 च्या जूनअखेर लंडनमध्ये दाखवली, 5 जुलैला इथली किंमत सांगितली: 2.33 लाख, पहिल्या दहा हजार गिऱ्हाइकांना 2.23. हीच गाडी इंग्लंडमध्ये 4,995 पौंडांना लावली. तेव्हाच्या दराने पाच लाखांच्या वर. जहाजभाडं आलं, तिथला 20 टक्के व्हॅट आला, तरी दुप्पट होत नाही. उरलेला फरक बाजाराचा. तिथं पाच हजार पौंडांच्या आत ट्रायम्फ मिळते हीच जाहिरात. इथं मात्र समोर रॉयल एनफील्डची क्लासिक 350 उभी आणि केटीएमही उभी, दोन्हींच्या मधली जागा पकडायची होती.

बॅजचे पैसे किती असतात हे बीएमडब्ल्यूने आधीच दाखवून ठेवलंय. टीव्हीएसच्या होसूरमध्ये बनणारी जी 310 आर 2018 ला 2.99 लाखाला आली आणि 2020 ला बीएस-6 या नव्या प्रदूषण नियमाची होऊन 2.45 वर उतरली. इंजिन आणखी स्वच्छ झालं, भाव 54 हजारांनी खाली. मशीन शॉपवाल्याला यातून जे कळायचं ते कळतं. ट्रायम्फ-बजाजने तो पहिला महाग भाव लावलाच नाही, सुरुवातच खालून केली.

जगासाठी एकच गाडी बनवली की तिकडच्या गरजा आपल्याकडे फुकट येतात. सर्व्हिसिंग 16,000 किलोमीटरला किंवा वर्षाला. हे काही आपल्या प्रेमापोटी नाही. युरोपात मेकॅनिकचा तास महाग, तिथं दर तीन हजाराला गाडी बोलावली तर कोण घेणार? फायदा बेळगावला बसून मला. पहिली सर्व्हिसिंग झाली, त्यानंतर चेन साफ करून ल्यूब मारणं एवढंच. उलट बाजूने साडी गार्ड आपल्यासाठी बसवलाय, तो तिकडच्या गाडीला नसतो.

पासिंगच्या वेळी तर खरी गंमत. मामा चंदगडला, म्हणजे महाराष्ट्रात. फोनवर म्हणाले, "भाच्या, माझ्या पत्त्यावर कोल्हापूरचं एमएच-09 कर की. वाचतील तेवढे पैसे." हिशोब त्यांचा बरोबर होता. कर्नाटकात लाखाच्या वरच्या दुचाकीला 18 टक्के रोड टॅक्स, वर सेस. महाराष्ट्रात 12. ढोबळ मानाने 2.40 लाखावर इकडे 43,200, तिकडे 28,800. शिनोळी माझ्या शॉपपासून अर्ध्या तासावर, आणि तेवढ्यात चौदा हजारांचा फरक. खरं गाडी वर्षाच्या वर दुसऱ्या राज्यात ठेवली की नंबर बदलून घ्यावा लागतो आणि तिथला टॅक्स भरावाच लागतो. रोज केए हद्दीत फिरणार असताना हा खेळ कशाला? मामांना म्हटलं, पेट्रोल आमच्याकडे थोडं स्वस्त आहे, तेवढंच समाधान. ते हसले. तेही टाकी आमच्याच हद्दीत भरतात.

मग 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी बदलला. 350 सीसीपर्यंत 28 वरून 18 टक्के. त्याच्या वर सेससकट 31 होता तो 40. सीमाभागातल्या माणसाला रेघेच्या अलीकडं-पलीकडं म्हणजे काय ते सांगायला नको! क्लासिक-बुलेटवाल्या मित्रांच्या गाड्यांचे भाव 22 हजारांपर्यंत उतरले, त्यांनी घ्यायला उशीर केला असता तर बरं झालं असतं असं ते अजून म्हणतात. माझी 398 सीसीची. वाटलं, हिचे वाढणार. बजाजने ट्रायम्फच्या 400 गाड्यांवरचा वाढीव जीएसटी स्वतःच्या अंगावर घेतला आणि तेव्हा भाव तिथंच ठेवला. निर्यातीचे नग त्याच लाइनवरून निघत असताना ती चालू ठेवणं परवडतं, लाइन ढिली पडणं परवडत नाही, असा माझा धंद्यातला अंदाज.

घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मी आधी एका दुसऱ्या कंपनीच्या शोरूमात गेलो होतो. तिथं कोटेशनमध्ये 'हँडलिंग चार्ज' घातलेला आणि इन्शुरन्स त्यांच्याकडूनच घ्या म्हणून अडून बसलेले. दोन्ही नाकारता येतात, लेखी कोटेशन मागा. दुसरं, डिसेंबरात ऑफर निघतात. गाडी एका वर्षी बनलेली आणि पासिंग पुढच्या वर्षाचं असं होऊ देऊ नका, विकताना बनलेलं वर्षच विचारतात. चेसिस नंबरवरून महिना-वर्ष काढून द्यायला सांगा, मगच टोकन द्या.