फ्लेश, मान्सार्द, पोर्त-कोशेर : फ्रेंच शब्द ठेवावा की इंग्रजी द्यावा?

फ्रेंचमधलं एखाद्या इमारतीचं वर्णन इंग्रजीत न्यायला बसलं की पहिल्याच पानावर अडायला होतं. मूळ शब्द तसाच राहू द्यावा, की इंग्रजी प्रतिशब्द द्यावा? नवख्याला वाटतं, शब्द इंग्रजी कोशात आहे ना, मग ठेवायला काय हरकत? मला मात्र सगळ्यात जास्त धोका त्याच शब्दांत दिसतो. इंग्रजीने ते उचलले, पण अर्थ बदलून.

‘फ्लेश’ घ्या. फ्रेंचमध्ये चर्चचं कुठलंही निमुळतं शिखर म्हणजे फ्लेश. इंग्रजीत मात्र छताच्या आढ्यावर उभा असलेला सडपातळ, बहुधा लाकडी सुळका तेवढाच फ्लेश. पॅरिसच्या नोत्र-दामचा १५ एप्रिल २०१९ च्या आगीत कोसळलेला सुळका ओकचा होता, वरून शिशाने मढवलेला. त्याला इंग्रजीत फ्लेश म्हणा किंवा स्पायर, दोन्ही चालतं. शार्त्रच्या कॅथीड्रलची दोन्ही शिखरं दगडी आणि मनोऱ्यांवर. फ्रेंच मजकुरात तीही फ्लेशच, पण इंग्रजीत तिथे ‘स्पायर’च हवं.

मान्सार्दचं तसंच. फ्राँस्वा मान्सार (१५९८–१६६६) या वास्तुकाराचं नाव दुहेरी उताराच्या छताला मिळालं. इंग्रजी ‘मॅन्सर्ड’ म्हणजे ते छत, तर फ्रेंच मान्सार्द म्हणजे बहुतेकदा छताखालची खोली. भाड्याच्या जाहिरातीत मान्सार्द दिसली तर ‘ॲटिक रूम’ लिहा, नाहीतर भाडेकरूला नुसतं छप्पर मिळेल.

पोर्त-कोशेर म्हणजे बग्गी थेट चौकात नेणारा भव्य दरवाजा. वाड्याचा दिंडी दरवाजा पाहिलेल्याला तो लगेच डोळ्यांसमोर येईल. अमेरिकन इंग्रजीत हाच शब्द गाडी थांबते त्या प्रवेशद्वारापुढच्या छताला वापरतात. म्हणून ‘कॅरिज एंट्रन्स’ बरं.

‘ओतेल पार्तिक्युलिए’ म्हणजे शहरातला श्रीमंतांचा खाजगी वाडा. त्याच्यापाशी मात्र मी उलट कौल देईन. पॅरिसच्या मारे भागातलं ओतेल द स्युली पाहा : पुढे चौक, मध्ये घर, मागे बाग. ‘टाउनहाउस’ म्हटलं की इंग्रज वाचकाला भिंतीला भिंत लागलेली घरांची रांग दिसते, आणि ‘मॅन्शन’मध्ये शहर निसटतं. फ्रेंच शब्द ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत उलगडा. ‘ओतेल द व्हिल’ला, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीला, ही सवलत नाही, तो सरळ ‘सिटी हॉल’. ‘आर्क-बूताँ’लाही, म्हणजे भिंतीला बाहेरून टेकू देणाऱ्या कमानीलाही, विचार नको : ‘फ्लाइंग बट्रेस’.

मजल्यांचं काय? आपण फ्रेंचांसारखेच मोजतो, तळमजल्यावर पहिला, त्यामुळे ‘प्रमिए एताज’पाशी, म्हणजे ‘पहिला मजला’पाशी, थबकायला सुचतच नाही. लंडनसाठी तो ‘फर्स्ट फ्लोअर’, न्यूयॉर्कसाठी ‘सेकंड’. नकाशावर इथे चूक झाली तर वरचे सगळे मजले सरकतात. इंग्रजी कुठलं हवं, हे काम घेतानाच विचारा.