कोर्टातलं मध्यस्थी केंद्र : भांडाभांडी न करता घटस्फोट, माझा अनुभव (पाचपैकी चार स्टार)

खूप दिवस झाले लिहीन लिहीन म्हणून राहिले होते. गावाकडच्या बाईला हे कोणी नीट सांगत नाही, मलाही कोणी सांगितलं नव्हतं. माझं माहेर वाशिमकडचं, सासर यवतमाळकडचं, लग्नाला नऊ वर्षं, एक पोरगा सात वर्षांचा. आमचं का जमलं नाही ते लिहीत नाही, पोरगा उद्या मोठा होऊन वाचेल. मारझोड नव्हती एवढं सांगते, ते का महत्त्वाचं ते पुढं येईल.

दोन वर्षं मी माहेरीच होते. पहिले समाजाच्या लोकांनी बैठक बसवली, मारुतीच्या पारावर तीस-चाळीस माणसं, मी अन् माय मागं पदर घेऊन बसलेल्या. दोन्हीकडचे मामा एकमेकांच्या अंगावर गेले, लग्नातल्या मानपानापासून सगळं निघालं, पण मी काय म्हणते ते एकानंही विचारलं नाही. शेवटी ठरलं की बाँडवर फारकती लिहा, नोटरीचा शिक्का मारा अन् मोकळे व्हा. भाऊ तयार होता, मीच अडले. बायांनो, हे नीट वाचा. १९५५ चा हिंदू विवाह कायदा अशी बाँडवरची फारकती मानत नाही. काही समाजांत तशी रूढी आहे पण ती कोर्टात सिद्ध करावी लागते, नाही झाली तर तुम्ही कागदोपत्री नवरा-बायकोच, आणि कोणी दुसरं लग्न केलं तर तो गुन्हा. आमच्या आजूबाजूच्या चार गावांत अशा कागदाच्या भरवशावर बसलेल्या बाया मला माहीत आहेत, जीव तुटतो.

मग एका वकिलाकडे गेलो. त्यांनी पहिल्याच दिवशी चार केसेस टाकायला सांगितल्या, सासूचंही नाव घाला म्हणे, मग नवरा आपोआप खाली येते. माझ्या सासूनं मला कधी एक बोट लावलं नाही, मी खोटं कशी लिहू? फी दिली अन् परत आलो.

आमच्या गावात विधी सेवेची, म्हणजे सरकारी फुकट कायदे-मदतीची, स्वयंसेवक ताई येते, तिनं सांगितलं तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते तिथं अर्ज दे. बाईला उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्येच आहे. १५१०० वर फोन करूनही विचारता येते. अर्ज दिला, नवऱ्याला नोटीस गेली, अन् आम्हाला जिल्ह्याच्या मध्यस्थी केंद्रात बोलावलं.

एक खोली, एक टेबल, पाच माणसं. मध्यस्थ मॅडम स्वतः वकील, पन्नाशीच्या. त्यांनी पहिलेच सांगितलं की मी निकाल देणार नाही, आणि इथं जे बोलाल ते न्यायाधीशापर्यंत जात नाही, जमलं की नाही एवढंच जाते. मग मामाला बाहेर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी विचारलं, "बाई, तुला काय पाहिजे?" मी दहा मिनिटं नुसती रडली, मॅडमनं घाई केली नाही.

मग दोघांशी वेगवेगळं बोलल्या. तिथं त्यानं सांगितलं की बँकेचं पीककर्ज थकलं आहे अन् बापासमोर बोलायची लाज वाटते. त्याला विचारूनच मॅडमनं मला ते सांगितलं. मी तोवर समजत होते हा पैसे दाबून बसला. ती गोष्ट कळल्यावर माझा अर्धा राग गेला, खरंच सांगते. मॅडमनं विचारलं, "पैसा हातात येतो कधी?" शेतकऱ्याकडं दर महिन्याच्या एक तारखेला कुठून येणार? म्हणून माझे तीन लाख दोन हप्त्यात ठरले, लाखभर कोर्टातल्या पहिल्या बयाणाला (जबाबाला) अन् दोन लाख कापूस विकल्यावर दुसऱ्या बयाणाला. लेकराची खावटी वेगळी, वर्षाला एकदा जानेवारीत. मी म्हटलं होतं नको मला लेकराचं, मॅडम म्हणाल्या तो त्याचा हक्क आहे, मायला सोडता येत नाही. सोनं, आंदणाची भांडी, आलमारी, सगळ्याची यादी झाली. पोरगा माझ्याकडे, दिवाळी अन् अर्धा उन्हाळा बापाकडे.

मार्च ते मे चार बैठका झाल्या. पण इथं घटस्फोट मिळत नाही, तो कोर्टच देते. जूनमध्ये हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली दोघांचा एकच अर्ज टाकला, त्याला वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागते. मग सहा महिने थांबायचं. २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ते सहा महिने न्यायाधीश माफ करू शकतात, पण आम्ही मागितलं नाही कारण कापूस डिसेंबरशिवाय विकला जाणार नव्हता. डिसेंबरच्या पेशीला पैसे आले, बयाण झालं, निकाल झाला.

एक स्टार का कापला? एक तारीख मॅडम आल्याच नाहीत अन् फोनही नाही, माझा दिवसाचा रोज बुडाला, एसटीचं भाडं गेलं. बाहेर व्हरांड्यात दोन्हीकडचे लोक एकाच बाकावर, तिथंच दोनदा जुंपता जुंपता राहिली. अन् कराराचा कागद "उभय पक्षकार" वाल्या मराठीत, मला काही समजेना. मी हट्टानं ओळ न् ओळ समजावून घेतली तेव्हाच सही केली, तुम्हीही घ्या.

आणि ज्या घरात मारझोड आहे, जीवाची भीती आहे तिथं टेबलावर समोर बसायच्या आधी पोलीस, संरक्षण अधिकारी (घरातल्या छळात बाईला मदत करायला नेमलेला अधिकारी), कोर्टाचा आदेश. घाबरलेली बाई सगळ्याला हो म्हणते, तो समझोता नाही. मला भीती नव्हती म्हणून मी मोकळं बोलू शकले.

जाताना लग्नपत्रिका, फोटो, दोघांचं आधार, पोराचा जन्मदाखला न्या अन् सोन्याची यादी घरूनच लिहून न्या. निकालाच्या सही-शिक्क्याच्या दोन नकला मागा, मला राशन कार्ड वेगळं करताना एक तिथंच द्यावी लागली.