तात्पर्य न सांगणारी गोष्ट: दिल्लीच्या ‘हॅपिनेस करिक्युलम’ची शिक्षक-पुस्तिका

परिपाठातली बोधकथा कशी संपते, हे मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही सांगायला नको. दोन मिनिटांत गोष्ट, मग ‘तात्पर्य’, मग सगळे रांगेनं वर्गात. दिल्ली सरकारच्या शाळांसाठी तयार झालेल्या ‘हॅपिनेस करिक्युलम’च्या, म्हणजे आनंदाच्या अभ्यासक्रमाच्या, शिक्षक-पुस्तिकेत तात्पर्य सांगायचं काम शिक्षकाकडे ठेवलेलंच नाही. आपल्याकडच्या शिक्षकांनी ती वापरून पाहावी, असं आम्हाला वाटतं ते मुख्यतः यासाठी.

२ जुलै २०१८ रोजी दलाई लामांच्या हस्ते हा उपक्रम सुरू झाला. नर्सरी ते आठवी. मुलांना पाठ्यपुस्तक नव्हतं, परीक्षा नव्हती. मूळ आराखड्यात रोज ४५ मिनिटांचा तास होता: सोमवारी माइंडफुलनेस (शांत बसून आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देणं), पुढे दोन दिवस गोष्ट, दोन दिवस कृती, शनिवारी अभिव्यक्ती (मुलांनी मनातलं मोकळेपणानं मांडणं). नर्सरी-केजीला आठवड्यातून दोनदाच.

गोष्ट दोन दिवस चालते, यातच सगळी मेख आहे. पहिल्या दिवशी शिक्षक गोष्ट सांगतात आणि प्रश्न विचारतात. मग मुलं ती घरी नेतात, घरच्यांना सांगतात, त्यांचं मत विचारतात. दुसऱ्या दिवशी गोष्ट मुलांनीच सांगायची आणि स्वतःच्या अनुभवाशी जोडायची. एरवी हात वर न करणाऱ्या मुलाकडेही दुसऱ्या दिवशी सांगण्यासारखं काहीतरी असतं, कारण आजी काय म्हणाली हे फक्त त्यालाच माहीत असतं. ‘शाब्बास’च्या शंभर शिक्क्यांपेक्षा, आपलं बोलणं वर्गानं ऐकून घेतलं याचा परिणाम मुलावर जास्त टिकतो.

बिघडतं ते इथेच. वेळ कमी पडला की शिक्षक दोन्ही दिवस एकाच तासात उरकतात, गोष्ट घरी नेण्याची मधली रात्रच उरत नाही आणि तीच चार बोलकी मुलं उत्तरं देतात. दुसरी चूक म्हणजे उत्तराला लगेच ‘बरोबर’ म्हणणं. पुढची सगळी मुलं मग तेच उत्तर थोडं फिरवून देतात. ४५ मुलांच्या वर्गात आम्ही अशी विभागणी सुचवू: सुरुवातीला ५ मिनिटं शांत बसणं, १० मिनिटं गोष्ट, ८ मिनिटं शेजाऱ्याशी जोडीत बोलणं, २० मिनिटं वर्गात चर्चा, शेवटी २ मिनिटं शांतता. जोडीतल्या प्रत्येकानं वर्गासमोर स्वतःचं न सांगता जोडीदाराचं म्हणणं सांगायचं, त्याची परवानगी घेऊन. ‘मला आज नाही बोलायचं’ म्हणायची मुभा प्रत्येकाला हवी. प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. ती शांतता अवघडते, पण दुसरं उत्तर तिच्यातूनच येतं.

पुस्तिका हिंदी आणि इंग्रजीत आहे. हिंदीवरून मराठी करताना सावध राहा. ‘ध्यान देना’चं ‘ध्यान’ केलंत तर पालकांना मांडी घालून, डोळे मिटून बसलेली मुलं दिसतील. ‘लक्ष देणं’ म्हणा. ‘सम्मान’साठी ‘आदर’ घेतला की मुलं फक्त आई-वडील आणि गुरुजींबद्दल बोलतात. त्याऐवजी ‘तुझं म्हणणं कुणी नीट ऐकून घेतलं, असं कधी झालं?’ असं विचारा. ‘कृतज्ञता’ तिसरीतल्या मुलाच्या तोंडी बसत नाही. ‘कुणी न सांगता तुला मदत केली?’ एवढं पुरतं.

लक्ष देण्याच्या भागात कुठलाही मंत्र किंवा जप नसावा, ही पुस्तिकेची सूचना काटेकोर पाळावी. डोळे मिटायची सक्तीही नको. भीती वाटणारी मुलं जमिनीकडे बघत बसली तरी चालतं. गोंगाट थांबवायला ‘चला, माइंडफुलनेस’ म्हणायला लागलात की आठवड्याभरात मुलांना ती शिक्षा वाटू लागते.

शनिवारच्या अभिव्यक्तीबद्दल एक काळजी मात्र आहे. मोकळं बोलायला लागलेलं मूल कधीतरी मारहाणीबद्दल किंवा त्याहून वाईट काही सांगून जातं. त्या क्षणी वर्गात खोदून विचारू नये आणि ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचनही देऊ नये. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा नंबर १०९८. कुणी कुणाला कळवायचं, हे शाळेनं पहिल्या शनिवारच्या आधी ठरवून ठेवलेलं असावं.

सुरुवातीला पुस्तिका पूर्ण राबवायला जाऊ नका. तिसरी ते पाचवीच्या भागातल्या चार गोष्टी घ्या, प्रत्येकीला सलग दोन दिवस द्या आणि पहिल्या महिन्यात कोण किती वेळा बोललं याच्या खुणा हजेरीपत्रकाच्या मागे करत जा. ज्या नावांपुढे एकही खूण नसेल, त्या मुलांपासून पाचवी गोष्ट सुरू करा.