आधी टाकी, मग मासे: रत्नागिरीतलं एक दुकान

रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरात शोभेच्या माशांचं एक लहानसं दुकान आहे. तिथे गिऱ्हाईक मासे निवडायला लागलं, की मालक आधी टाकी केवढी आणि घरात कुठे ठेवणार ते विचारतो. मला हे दुकान मनापासून आवडतं ते या सवयीमुळेच.

नातीला गोल्डफिश हवे होते आणि आमच्या कोनाड्यात मावत होती एक फुटी टाकी. मालक म्हणाला, "काकू, हिच्यात एक फायटर मासा सुखाने राहील. गोल्डफिश नको." मग त्याने कागदावर हिशेब मांडून दाखवला. लांबी, रुंदी, उंची इंचात मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि 61 ने भागायचं, की लिटर निघतात. 12 बाय 8 बाय 10 ची टाकी जेमतेम पंधरा-सोळा लिटरची. दुकानात बोटाएवढा दिसणारा गोल्डफिश पुढे सहा-आठ इंचांचा होतो, आणि कॉमेट जातीचा फूटभरसुद्धा. शिवाय खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो. कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सुटणारा अमोनिया थोड्या पाण्यात पटकन साचतो आणि मासा त्यानेच मरतो. लहान टाकीत मासा लहानच राहतो, असं सगळीकडे ऐकू येतं. त्याची वाढ खुंटते हे खरं, पण ती घाणेरड्या पाण्यात कुढत खुंटते. याला सोय म्हणायला माझी जीभ वळत नाही.

गोल्डफिशच घ्यायचे ठरल्यावर त्याने 36 बाय 15 बाय 18 ची टाकी सुचवली. हिशेबाने 159 लिटर. खडी घालून वरचा काठ मोकळा सोडला की साधारण 135. एवढ्या पाण्यात गुबगुबीत जातीचे दोनच मासे. उंच टाकी दिसायला छान, पण हवा पाण्यात मिसळते ती वरच्या पृष्ठभागातून, म्हणून लांब-रुंद टाकी बरी, हेही त्यानेच सांगितलं. आणि वजन! काच, खडी, पाणी मिळून दीडशे किलोच्या वर. आमचं जुनं लाकडी टेबल चालणार नाही म्हणाला, लोखंडी स्टँडच घ्यायला लावला. खर्च मी धरला होता त्याच्या दुपटीपुढे गेला. तरी मला तो वाजवी वाटतो.

मासे त्या दिवशी दिलेच नाहीत. फिल्टर चालू ठेवा, रोज चिमूटभर खाद्य टाका, महिन्याभराने पाणी तपासून मग मासे न्या, असं बजावलं. अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरात वाढायला तेवढा वेळ लागतो. नात रुसली, पण तो बधला नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मात्र लगेच बांधून दिला.

माझ्या दिरांनी परसात सुपारीखाली चिऱ्याचं टाकं बांधलं आहे, आतून सिमेंटचा गिलावा केलेलं. सहा बाय चार फूट, खोली अडीच. म्हणजे साधारण सतराशे लिटर. त्यांना कोई, म्हणजे कार्प जातीचे मोठे रंगीत मासे, हवे होते. मालकाने स्पष्ट नाही म्हटलं. कोई दोन फुटांपर्यंत वाढतो, त्याला याच्या दुप्पट-तिप्पट पाणी आणि जास्त खोली लागते. या टाक्यात सात-आठ कॉमेट सोडा म्हणाला, तेही गिलाव्याचा चुना उतरेपर्यंत पाणी भरून-ओतून झाल्यावर. काठाच्या खाली जाळी लावलेला पाइप काढायला सांगितला, नाहीतर आषाढात टाकं भरून वाहिलं की मासे थेट पन्हळीत. खंड्या आणि बगळ्यासाठी वरूनही जाळी. असा सल्ला देणारा दुकानदार मला दुसरीकडे भेटलेला नाही.

उणिवा आहेत. पाणी तपासायचं किट बऱ्याचदा संपलेलं असतं, मागवून ठेवावं लागतं. माशांच्या जाती मोजक्याच. संध्याकाळी गर्दी झाली की बोलायला निवांतपणा मिळत नाही, तेव्हा सकाळी जा. जाताना जागेची मापं आणि टाकी ज्यावर ठेवणार त्याचा फोटो बरोबर घेऊन जा, तो विचारणारच. मोठी टाकी टेम्पोने घरपोच देतात, पण जिना चढवायला दोन माणसं आपली लागतात.