बिडाची ग्रिल जाळी: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

कोळशाच्या ग्रिलवरची पातळ तारेची जाळी काढून तिच्या जागी बिडाची जाड जाळी बसवली, त्याला बरेच महिने झाले. अन्न चिकटतं का, तर जाळी पुरती तापलेली असेल तर नाही. थंड किंवा कोमट असेल, तर बीडही इतर धातूंइतकंच चिकटतं.

कच्च्या मांसातली आणि माशातली प्रथिनं तापताना धातूला धरून बसतात. पृष्ठभाग सुकून खरपूस झाला की ही पकड सुटते. पण पाणी उडून जाईपर्यंत तिथलं तापमान 100 अंश सेल्सियसच्या आसपासच रेंगाळतं आणि खरपूसपणा साधारण 140 च्या पुढेच येतो. म्हणून जाळीवर ठेवण्याआधी तुकडा कागदाने टिपून कोरडा करणं हे तेलाहूनही महत्त्वाचं, असं माझं ठाम मत झालं आहे.

बिडाचा खरा फायदा इथेच कळतो. फ्रिजमधलं गार चिकन ठेवलं की पातळ तार लगेच थंड पडते, जाड बीड उष्णता धरून ठेवतं. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते: निखारे फुलल्यावर झाकण लावून 15 ते 20 मिनिटं जाळी तापू द्यावी लागते. घाईच्या स्वयंपाकाला ही जाळी नकोच.

तेल मी जाळीपेक्षा पदार्थालाच लावते. रसरशीत तापलेल्या जाळीवर तेल ओतलं तर ते जळून धूर होतो आणि चिकट थर मागे राहतो. जाळीला लावायचंच तर चिमट्यात धरलेल्या कापडाने, अगदी पुसट, आणि रिफाइंड तेलच. जाळीवर काळा थर (तेल तापवून बसवलेलं संरक्षक आवरण) चढवण्यासाठी जवसाच्या तेलाची शिफारस बरेच जण करतात. तो थर कडक बसतो खरा, पण ठिसूळ असतो, त्याचे पापुद्रे निघतात. सूर्यफुलाचं रिफाइंड तेल मला जास्त भरवशाचं वाटतं.

खरी परीक्षा माशाची. कातडीची बाजू खाली ठेवायची आणि हात लावायचा नाही. कडेने हलकेच उचलून पाहावं. अडत असेल तर अजून वेळ आहे, ओढायचं नाही. तयार झाला की तो आपणहून सुटतो. पातळ, कातडी काढलेले तुकडे मात्र या जाळीवरही तुटतात, त्यांना दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी, मिटणारी जाळी हवी. मधाचे किंवा साखरेचे सॉस शेवटच्या काही मिनिटांतच लावावेत, नाहीतर साखर जळून सगळंच धरून बसते.

जाळीवर अंथरायच्या नॉनस्टिक चटया मी मुद्दाम टाळते. त्यांच्यावरचा टेफ्लॉनचा लेप सुमारे 260 अंशांपुढे खराब होऊ लागतो, आणि निखाऱ्यांवर तेवढी उष्णता सहज होते.

जाळी गरम असतानाच खरवडली तर साफसफाई सोपी जाते. त्यासाठी तारांचा ब्रश वापरू नका. त्याच्या तुटलेल्या तारा अन्नातून पोटात जाऊन इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. लाकडी खरवडणी किंवा चिमट्यात धरलेला फॉइलचा बोळा पुरतो.

जाळी जड आहे, काढताना दोन्ही हात लागतात. आणि ओली राहिली की गंजते. गंज दिसला तर घासून, पूर्ण सुकवून, तेलाचा पातळ हात फिरवून तासभर झाकणाखाली तापवायची. दोन-तीनदा असं केलं की काळा थर परत बसतो.