जी०७ मॉनिटरचं कॅप किट : घ्यावं, पण कशासाठी?

जुनं आर्केड कॅबिनेट (नाण्यावर चालणारं व्हिडिओ गेमचं यंत्र) घरी आणलं की कुणीतरी लगेच सांगतं, "कॅप किट टाक, ठीक होईल." कॅप किट म्हणजे मॉनिटरच्या बोर्डावरचे जुने कपॅसिटर बदलायचा संच. इलेक्ट्रोहोमच्या १९ इंची जी०७ मॉनिटरवर चित्र येत असेल, पण ते हलत असेल किंवा वर-खाली दुमडत असेल, तर किट खुशाल मागवा. पडदा ठार काळा असेल तर थांबा. आधी फ्यूज, फ्लायबॅक (ट्यूबला उच्च व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर) आणि त्याला चालवणारा हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर तपासा. यांतलं काही गेलं असेल तर कपॅसिटर बदलून हाती काही लागत नाही.

पाकिटात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि कुठला कुठे बसतो त्याची यादी, बस्स. माल १०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारा हवा. ८५ चा आला तर परत पाठवा. वीजपुरवठा सपाट करणारा मोठा फिल्टर कपॅसिटर बऱ्याच किटमध्ये नसतो, आणि चित्रावरून सरकत जाणारा जाड पट्टा बहुधा त्याचाच प्रताप असतो. यादी हाताशी असेल तर हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सुटं मिळतं. ठाण्याहून दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरायचं. मायक्रोफॅरड तेवढेच घ्यायचे. व्होल्ट जास्त चालतात, कमी अजिबात नाही. पहिलीच वेळ असेल तर तयार किटचे पैसे वाया जात नाहीत.

खरी गोची पोलॅरिटीची. कपॅसिटरच्या अंगावरचा पट्टा मायनस दाखवतो, बोर्डावर बहुतेक वेळा प्लस छापलेला असतो. घाईत पट्टा प्लसकडे जातो आणि चालू केल्यावर कपॅसिटर फुटतो. म्हणून एक काढा, एक बसवा. जुन्या बोर्डावर सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवलं तर तांब्याचा ट्रॅक उचलला जातो. तिथे कपॅसिटरची कापलेली तारच जंपर म्हणून लावता येते. कनेक्टरच्या पिनांचं भेगाळलेलं सोल्डरही त्याच बैठकीत नव्याने वितळवा. निम्मी थरथर त्यानेच जाते, पण हे किटच्या कागदावर कुणी लिहीत नाही.

पण बोर्ड काढण्याआधी एक काम. पिक्चर ट्यूबमध्ये वीस हजार व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढल्यावरही राहतात. इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हरला क्लिपवायर लावून तिचं दुसरं टोक ट्यूबच्या धातूच्या फ्रेमला अडकवा, मग एका हाताने पातं ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवा. दहा मिनिटांनी पुन्हा तेच करा, चार्ज परत जमतो. नेक बोर्ड (ट्यूबच्या मानेवर बसलेला छोटा बोर्ड) सरळ मागे ओढा. वाकडा झटका बसला की ट्यूबची मान तुटलीच.

या मॉनिटरच्या चेसिसला (मुख्य बोर्डाला) आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मेन्सपासून तोडणारा ट्रान्सफॉर्मर, लागतोच. कॅबिनेटमधला मूळ काढून टाकलेला असेल तर बाजारातल्या स्वस्त २३०-११० कन्व्हर्टरवर भागवू नका. तो बहुधा ऑटो ट्रान्सफॉर्मर असतो, व्होल्ट उतरवतो पण मेन्सपासून तोडत नाही. सगळं जोडून झालं की मीटर लावून बी-प्लस (बोर्डाचा मुख्य डीसी पुरवठा) १२० व्होल्टवर आणा, रंगांना हात त्यानंतर.

ठाणे-वाशीच्या खाडीकाठच्या हवेत पावसाळ्यात रबरी टोपीभोवती चर्रचर्र आवाज आला तर किटला दोष देऊ नका. डिस्चार्ज करून ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मगच चालू करा.