साधं डिफरन्शियल की लॉकवालं?
निपाणी-चिकोडीकडे डांबरीवरूनच भाजी, तंबाखू वाहायची असेल तर पिकअपला साधं डिफरन्शियल (इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारी गिअरची पेटी) पुरे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, ते त्याला छान जमतं.

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या पावसात मात्र गोष्ट वेगळी. मागच्या जुलैत आमची रिकामी गाडी बांधाशी अडकली. डावं चाक लाल चिखलात गरागरा फिरतंय, उजवं घट्ट जमिनीवर असून ढिम्म! कारण साधं डिफरन्शियल दोन्हीकडे सारखाच जोर देतं, म्हणजे घसरणारं चाक घेईल तेवढाच. लॉक लावलं की दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात आणि पकड असलेलं चाक गाडी बाहेर काढतं. खानापूरच्या आतल्या गावांत राहणाऱ्याने जादा पैसे जरूर मोजावेत. फक्त चोर्ला घाटाच्या डांबरी वळणांवर लॉक बंद हवं. नाहीतर टायर घासतात, गाडी वळायला कुरकुरते.